देवाची रेघ

४ फेब्रुवारी १९३५
हौसाने आज डोकं उठवलं! खिचडीला दोन मापं तांदूळ, तर एक माप डाळ. मग चार मापं तांदळाला डाळ किती? सगळ्या मुली एका सुरात — दोन! हौसाच्या पाटीवर तांदूळ पाच, डाळ तीन. सहाचं घातलं, तर सात नि चार! पोरगी मंद म्हणावी, तर पाढे तोंडपाठ. माझा पारा चढला, पाटी हिसकावून घेतली. घरी येताना वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी
हौसाची आई, रतनबाई, वलवणहून चालत आली. म्हणाली, "दिपोटीसायबांनी पास केली तर पाचवीत बसंल. न्हाईतर तिचा बाप म्हशीमागं धाडतोय. तुमच्या पदरात घातलीया, बाई."
माझ्या पदरात! बाळ गेलं तेव्हा घर खायला उठायचं. हेच म्हणाले, पुन्हा शाळेत जा. पोरींच्या गलक्यात आता संध्याकाळ कधी होते कळत नाही. ह्यांचे नि ह्या पोरींचे उपकार कसे फेडू?

८ फेब्रुवारी
शेजारच्या लीलाबाई पाहुणीला माझ्याबद्दल सांगत होत्या — ह्यांना मूलबाळ नाही. मीही हल्ली तसंच सांगते. पुढचे प्रश्न टळतात.

११ फेब्रुवारी
सापडलं!! आज घरचं मापच वर्गात नेलं. हौसा तांदूळ मोजू लागली — "लाभ... एक... दोन..." मी म्हटलं, "अगं, लाभ म्हणजेच एक! आमच्याकडे लाभ, मग दोन."
"न्हाई बाई. लाभ देवाचा. आमची आजी पयलं माप बाजूला काडती, मंग एक."
पाटीवर दर मापाला एक रेघ, आणि पहिली रेघ देवाची! मी कपाळावर हात मारला. मग हसूच फुटलं.
"आणि डाळीतही देवाचं?"
"व्हय! दोनीकडं सारकंच टाकलं, मंग बिघडतंय कुटं?"
इथंच तर मेख! सारखं मिळवून प्रमाण राहत नाही, सारख्या पटीनं वाढवलं तर राहतं. पण सांगून पटेना. शेवटी शाळेमागे दगडांची चूल मांडली, दोन पातेली चढवली. एकात दोनास एक, दुसऱ्यात तिच्या रेघांप्रमाणे तीनास दोन. दुसरी चाखून हौसाच ओरडली, "हिच्यात डाळ लय झाली! हे तर वरणच की!" वर्ग हसून लोटपोट. तीही हसली.
मग देवाचं काय करायचं, हा तिचा प्रश्न. मला सुचलं — देवाची रेघ पाटीच्या लाकडी चौकटीवर, बाकीच्या पाटीवर. खूश झाली. मी तर तिच्याहून खूश!

२ मार्च
सराव चालू. हौसाचं एकही त्रैराशिक चुकलं नाही.

९ मार्च
दिपोटीसाहेब शाळा तपासून गेले. हौसाची पाटी हातात घेतली, गणित बरोबर होतं, पण भुवया वर — "चौकटीवर ह्या रेघा कसल्या?" पोरगी मात्र सरळ उभी. "देवाच्या हायेत. मोजायच्या न्हाईत, पर पुसायच्या बी न्हाईत."
साहेब माझ्याकडे बघून हसले. पास!!
दुपारी रतनबाईनं शाळेच्या पायरीवर करवंदाच्या लोणच्याची बरणी ठेवली नि माझा हात धरून उभी राहिली. डोळे भरून आले. देवा, पोटभर दिलंस.

२१ एप्रिल
दिवस गेलेत. नंदाबाई सुईण आली होती. पोट चाचपून विचारलं, "कितवं, बाई?"
पहिलंच, असं ओठावर आलं होतं.
म्हटलं, "लाभ देवाचा झाला. हे एक."
तिनं मान हलवली. "काय नाव ठिवलं व्हतं त्याचं?"
"माधव," मी म्हटलं. तो गेल्यापासून आज प्रथमच, मोठ्यानं.