शिकारीचा खंड आणि माझी जाहिरात

५ जून
मिस ऑटलीनच्या रानाचा खंड, म्हणजे वर्षाचं भाडं, एकरी नऊ डॉलरवरून चौदावर गेला. डॅडी आणि त्यांचे पाच दोस्त वर्षानुवर्षं तिथं हरणांची शिकार करतात. व्हर्जिलकाका म्हणाले, "त्यापेक्षा हरणांनाच पगार देऊ." सगळे हसले, डॅडी सोडून. घरात कॉलेज शिकलेली मी एकटी. आता मीच मार्ग काढणार.

६ जून
सापडला! सहाऐवजी दहा सभासद. साधा भागाकार. डॅडींना सरप्राइज.

८ जून, सकाळ
नेटवर जाहिरात टाकली. रानातल्या कॅमेऱ्यानं टिपलेला मोठ्या शिंगांचा नर. खाली ओढ्याचं, पुलाचं, मालकिणीचं नाव. पारदर्शकता हवीच.

रात्र
तीनशे लाइक! व्हर्जिलकाका तावातावानं आले. "अगं, असा नर कुठं फिरतो हे माणूस बायकोला सांगत नाही. मरताना पाद्र्यालासुद्धा नाही!" जुन्या वळणाची माणसं. डॅडींनी फोटो बराच वेळ पाहिला. "छान आलाय," एवढंच म्हणाले. म्हणजे त्यांना पटलं.

११ जून
सभासद व्हायला एकही फोन नाही. सगळे फोन मिस ऑटलीनला. तिनंच कळवलं, "पोरी, माझ्या रानाला एवढा भाव आहे हे मला माहीतच नव्हतं गं!" फार खूश होती. डॅडींना उद्या सांगेन.

१४ जून
सांगायचं राहिलं. डॅडी पहाटेच हरणांसाठी चवळी पेरायला रानात गेले. बियाणं स्वतःच्या खर्चानं. त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून मी थांबले.

२० जून
मिस ऑटलीनला भेटले. परंपरा, शेजारधर्म, सगळं मुद्देसूद मांडलं. ती म्हणाली, "तुझ्या डॅडींनी माझं कुंपण कितीदा बांधून दिलं, विसरले नाही मी. पण बर्मिंगहॅमचा दातांचा डॉक्टर एकरी बावीस देतोय, आणि माझं छप्पर गळतंय. तुम्ही बावीस द्या, रान तुमचंच." मग तिनं पेकन-पाय, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड पदार्थ, वाढला. मी दोनदा घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

२१ जून
डॅडींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "चवळी पेरली तेव्हा तुला ठाऊक होतं?"
मी हो म्हणाले.
ते ट्रकमध्ये जाऊन बसले. ट्रक सुरू केला नाही.

३० जून
जनावरांच्या खाद्याच्या दुकानात कुणीतरी विचारलं, रान कसं काय गेलं? डॅडी म्हणाले, "भाव सगळीकडेच वाढलेत. कुणाचा दोष नाही." मी शेजारीच उभी होते. भाव वाढलेत हे खरंच आहे. बाकीचं मी सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर
शिकारीचा पहिला दिवस. डॉक्टरनं डॅडींना बोलावलंय. हरणं कुठून उतरतात ते दाखवायचं, दिवसाची मजुरी मिळेल. मी आईला म्हटलं, "बघ, डॅडी सल्लागार झाले."
आई भांडी घासत होती. म्हणाली, "सल्लागारानं आपली बंदूक घरी ठेवून जायची असते वाटतं?"
बंदूक भिंतीवर आहे. काल रात्री डॅडींनी तिला तेल दिलं होतं.
वर 'सल्लागार' लिहिलंय ते खोडायला हवं. दुसरा शब्द सुचत नाही.