शिंपीणबाईंचे दोन तास

रविवार, ३ मार्च
आजही गेली! चर्चमध्ये माझा उपदेश ऐन रंगात आलेला, आणि मागच्या बाकावरची शिंपीणबाई पिशवी उचलून चालती झाली. सलग सहावा रविवार. उद्या घरी जाऊन विचारतोच — पाळकाशी एवढं काय वाकडं आहे!

सोमवार, ४ मार्च
गेलो. दाराला बाहेरून कुलूप, आणि आतून कोणीतरी दार बडवतंय. तेवढ्यात बाई धापा टाकत आली. शिवलेले कपडे पोचवायला गेली होती.
"सासूबाई आहेत. डोकं ठिकाणावर नसतं. मोकळं सोडलं की रस्त्यावर जातात. मुलगा गेला त्यांचा, उरले मी. तासाभराच्या वर कोंडून ठेवायला जीव धजत नाही."
मी सवयीने डोळे मिटले, हात जोडले.
"प्रार्थना मीही करते, पाळकसाहेब. मंगळवारी दोन तास यांच्यापाशी कोणी बसेल का, तेवढं बघा."
गेलो जाब विचारायला, आलो काम घेऊन!

रविवार, १० मार्च
भर उपासनेत विचारलं, कोण बसेल? सगळ्यांच्या माना खाली. नंतर दाराशी अकरा जण म्हणाले, "प्रार्थनेत आठवण ठेवू हं!" वैताग नुसता!
आमची ही म्हणाली, "मग तुम्हीच बसा की."

मंगळवार, १२ मार्च
बसलो. म्हातारीने आधी मला चोर ठरवलं, मग धाकटा भाऊ. भाऊ म्हणून कान पिळला! चहा माझ्या मांडीवर. इतकी वर्षं धर्मशास्त्र घोकलं ते यासाठी?

मंगळवार, १९ मार्च
आज माझे बूट लपवले. सापडेनात. अनवाणी घरी.

बुधवार, २० मार्च
मंडळीचे सेक्रेटरी तणतणत आले. "तुम्ही तिकडे म्हातारी सांभाळताय, आणि काल ती बाई बागेत बाकावर चक्क झोपलेली! लोक काय म्हणतील?"
माझंही डोकं फिरलं. तडक गेलो. बाईने मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. "झोपलेच होते. घरी झोप मिळत नाही. त्यासाठीच मागितले होते दोन तास."
आल्या पावली परत आलो. राग तसाच — पण आता कोणावर काढायचा, ते कळेना.

शुक्रवार, २२ मार्च
सेक्रेटरी पुन्हा आले. दार स्वतःच लावून घेतलं. बसले नाहीत.
"आमची ही मुलीकडे असते, असं सगळ्यांना सांगत आलो. खोटं आहे, पाळकसाहेब. दोन वर्षं आतल्या खोलीत आहे. मला ओळखत नाही."
मग खिडकीकडे बघत — "गुरुवारी कोणी येईल?"