पातेल्याचा फौजदार गप्प बसतो तेव्हा

ती. फुमिए आत्यांना,

चिझुरूचा वाकून नमस्कार. अकितात अजून छपरावरचा बर्फ उपसावा लागत असेल. तो शेजाऱ्यांकडून उपसून घ्या, या वयात शिडीवर चढू नका. गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला एकाच वेळी ओरडता आणि रडता येत नाही, म्हणून हे पत्र.

आई गेल्यावरचे एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपून तुम्ही परत गेलात आणि बाबांनी जेवण सोडलं. सोडलं म्हणजे, ताट समोर ठेवलं की दोन घास खातात, 'छान झालंय' म्हणतात आणि उठतात. (बाबा आणि 'छान झालंय'! आजवर खोट काढल्याशिवाय एक घास गिळला नाही त्यांनी.) डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल. तेव्हा नोरिओने डोकं चालवलं. म्हणाला, "ताई, बाबांना स्टेशनाजवळच्या त्या स्वस्तातल्या शाबू-शाबूच्या दुकानात नेऊ, टेबलावरच मांस उकडून खायचं. हवं तेवढं खा. समोर पातेलं उकळायला लागलं की हा माणूस गप्प बसूच शकत नाही."

तुम्हाला का सांगायला हवं? तुमचा धाकटा भाऊ म्हणजे पातेल्याचा फौजदार. कोबी आधी की मशरूम आधी, मांसाचा काप पाण्यात किती वेळा हलवायचा, सगळं तेच ठरवणार. मध्येच कुणी जेवणाच्या काड्या बुडवल्या तर हातावर फटका. आईकडे कायम एकच खातं, वर येणारा फेस काढून टाकायचं. (तेही त्यांना पसंत पडायचं नाही.)

तर आम्ही बसलो. दीड तासाची मुदत, आणि टेबलावरच्या मागणीच्या पडद्याला बोट लावलं की ट्रे घेऊन येणारा मांजरतोंड्या यंत्रमानव. नोरिओने डुकराच्या मांसाचे ट्रेवर ट्रे मागवले. बाबा मांडीवर हात ठेवून बसलेले, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरी आलेत. मग आम्ही मुद्दाम गुन्हे करायला सुरुवात केली. शेवटी घालायच्या नूडल्स मी आधीच ओतल्या. नोरिओने अख्खा ट्रे एकदम पाण्यात ढकलला आणि धुणं बडवावं तसा ढवळला. फेस कुणी काढला नाही. करडा, जाड थर पातेल्याच्या काठापर्यंत आला. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "चालेल."

आत्या, जन्मात इतका भयंकर शब्द मी ऐकला नाही.

शेवटी नोरिओ वैतागला. चामडं झालेला एक काप काड्यांत धरून त्याने बाबांच्या तोंडापुढे नेला. "बाबा, हा एक तरी." आणि बाबांनी आपल्या काड्यांनी तो त्याच्या काड्यांतून अलगद घेतला. काड्यांतून काड्यांत! लहानपणी याच चुकीसाठी मी त्यांचा मार खाल्लाय. असं फक्त दहनानंतर हाडं उचलताना करायचं असतं; शेवटचं केलं होतं ते स्मशानात, आईची हाडं उचलताना, तुम्हीही होतात. आम्ही तिघंही तसेच थिजलो. मग बाबा हळूच म्हणाले, "गळ्याचं हाड किती हलकं होतं गं तिचं." आणि काप बशीत ठेवून दिला.

नोरिओ भर दुकानात हुंदके देऊन रडायला लागला. तेवढ्यात पडदा चमकला, वेळ संपत आलीय, पानात टाकाल तर दंड पडेल. मागवलेलं मांस तर ढीगभर. मग काय, आम्ही दोघं बहीणभाऊ रडत होतो आणि गिळत होतो. वाढणाऱ्या बाई घाबरून पंखा घेऊन आल्या, त्यांना वाटलं वाफ डोळ्यांत गेली. बाबा आमच्या पेल्यात पाणी ओतत राहिले. घरी येऊन मला उलटी झाली. बाबांनी पाठ चोळली, स्वतः उपाशीच झोपले.

इकडची हकीकत ही अशी. थंडीत पाय शेकत जा.

तुमची,
चिझुरू

ता. क. खरं काम राहिलंच. काल मी बाबांना सांगितलं की फुमिए आत्या अंथरुणाला खिळल्यात आणि अन्नाला शिवत नाहीत. धादांत खोटं, पण मला दुसरं काही सुचेना. ते शनिवारच्या गाडीने तुमच्याकडे निघताहेत. तेव्हा शुक्रवारपासूनच पडून राहा. भाजी आणून ठेवा, पण चिरू नका.

आणखी एक. हे ऐकल्याबरोबर बाबा ताडकन उठले आणि आईच्या फोटोसमोरच ओरडले, "जेवत नाही म्हणजे काय? वेड लागलंय का तिला? जिवंत माणसानं असं करायचं असतं का?" शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. आई गेल्यापासून त्यांचा असा आवाज आम्ही ऐकला नव्हता. म्हणून हात जोडून सांगते आत्या, लवकर बऱ्या होऊ नका.