‘अज्ञात स्त्री’

रविवार संध्याकाळ, इंद्रपुरी

अजून हसू येतंय. शेजारचे हबीबभाई कारखान्यात रंगारी होते. घरी आपल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी लोकांची चित्रं काढायचे. ते गेल्यापासून मी ती चित्रं जपतेय, कॉलनीतल्या मुलींना त्यांवरून चित्रकला शिकवतेय. हिरव्या ओढणीतली बाई कोण ते कळेना, म्हणून खाली ‘अज्ञात स्त्री’ लिहिलं. आज त्यांची बायको, सकीनाआपा, पहिल्यांदाच वर्गात आल्या. वाचून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अज्ञात? अरे, ये तो मैं हूँ!"

कसं ओळखलं नाही मी? हिरवी ओढणी, काळे केस... मी आपांना पाहिलं ते पांढऱ्या केसांतच.

मुली म्हणाल्या, "आपा, अब हम बनाएँ आपको?"

आपा लाजल्या. खुर्ची उजेडात ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मेरा रंग गहरा लगाना. वो कभी हल्का नहीं करते थे."