जाम झालेल्या इंजिनाची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या गॅरेजातल्या बाकावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळ कोणी फिरकतही नाही.

कलम १. राहते घर पूर्ण मालकीने बायकोला. तिने सव्वीस वर्षे मला वेळेवर जेवायला वाढले आणि माझ्याशी कामापुरतेच बोलली. कारण कलम ४ मध्ये येईल. तिचे बरोबर होते, हे इथे लिहून ठेवतो. तोंडाने म्हणायला जमले नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक बायको आणि मुलाने निम्मी निम्मी घ्यावी. गॅरेजची जागा मुलाला. मी जिवंत असतानाच त्याने इथे दुकानासाठी मापे घेतली. विचारले तर म्हणाला, "सहज बघतोय, बाबा." टेप माझाच होता, तो अजून परत आलेला नाही, तोही त्यालाच दिला असे समजावे. मात्र कलम ५ पुरे होईपर्यंत त्याने इथली एक वीटही हलवू नये.

कलम ३. पाने, पुलर, मायक्रोमीटर ही सगळी हत्यारे शेजारच्या लेथवाल्याला. मागून नेलेले हत्यार पुसून परत करणारा माणूस मी हा एकच पाहिला. गॅस्केट कापायची छोटी हातोडी आणि भोके पाडायचे पंच यातून वगळले आहेत.

कलम ४. वडिलांची जुनी मोटारसायकल माझ्या धाकट्या भावाला द्यावी. का, ते सविस्तर लिहितो. हे मृत्युपत्र त्यासाठीच आहे. बाकीची कलमे वकिलाच्या समाधानासाठी.

सव्वीस वर्षांपूर्वी माझे गॅरेज आम्ही दोघे मिळून चालवत होतो आणि या गाडीचे इंजिन मी नव्याने बांधले. हिची तेलाची टाकी वेगळी आहे. पंप तिथून तेल इंजिनात ढकलतो आणि ते फिरून टाकीत परत येते. इंजिन बांधले की चालू करायचे, टाकीचे झाकण उघडायचे, तेल परत येताना दिसले तरच गाडी रस्त्यावर काढायची, हा नियम माझाच. त्या दिवशी अर्धी गल्ली बघायला जमली होती. धाकटा म्हणाला, "दादा, झाकण उघडून बघू का?"

मी म्हणालो, "सगळ्यांसमोर माझ्या कामावर शंका घेतोस? काढ गाडी."

अठरा किलोमीटरवर, उतारावर, इंजिन जाम झाले. मागचे चाक जागीच अडकले आणि तो फेकला गेला. उजवा गुडघा आजही वाकत नाही. काठी टेकत तो इस्पितळातून आला, तेव्हा याच दारात मी ओरडलो, "तेल न बघता पळवलीस! बापाची गाडी मारलीस!"

"दादा, टाकी भरलेली होती. मीच भरली होती."

समोरचा शिंपी हसत म्हणाला, "म्हणजे कोरडीच पळवली की!" तेव्हापासून गल्लीत धाकट्याचे नाव 'कोरडा' पडले. कोरडा म्हणवणाऱ्या मेकॅनिककडे कोण गाडी देणार? त्याने धंदा सोडला आणि गोदामावर पहाऱ्याला बसला. बायकोने त्याचेच खरे मानले आणि माझ्याशी कामापुरतेच बोलू लागली. मी गाडीवर ताडपत्री टाकली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फक्त आपण चोर आहोत हे मला ठाऊक नव्हते. निदान असे मी स्वतःला सांगत आलो. ठाऊक नव्हते, तर सव्वीस वर्षे इंजिन उघडले का नाही?

डॉक्टरांनी उरलेले महिने सांगितले, तेव्हा उघडले. पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. खालचे बेअरिंग उष्णतेने निळे पडलेले, म्हणजे तेल पोहोचलेच नव्हते. टाकीत मात्र तेल होते, काळे आणि घट्ट, खुणेच्या रेषेपर्यंत. पंप काढून धुतला, बोटाने फिरवला, ठणठणीत. राहिली तेलाची वाट. तिच्यात एका कव्हराखाली, सांध्यातून तेल गळू नये म्हणून, कागदी गॅस्केट असते. मी ते बाजारातून कधी आणले नाही. कव्हरवर कागद धरून, कडेने हातोडी ठोकून स्वतः कापायचो. "माझं गॅस्केट गळत नाही," ही माझी जन्माची फुशारकी.

ते काढले. स्क्रूंची सगळी भोके होती. तेलाचे भोक मी पाडलेच नव्हते. त्या जागी पंपाने रेटून कागदाला वाटाण्याएवढा फुगवटा आणला होता. कोपऱ्यात पेन्सिलीने 'वर' लिहिलेले, माझ्या अक्षरात. गळले मात्र नव्हते.

सांगायला मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याने मला खुर्ची दिली आणि स्वतः पाय ताठ ठेवून पलंगावर बसला. "खोकला कमी आहे का, दादा?" असे विचारले. मी पाणी प्यालो आणि परत आलो. असला मी भित्रा, आणि गल्लीत माझा दरारा.

कलम ५. नवे पिस्टन आणि बेअरिंग घालून इंजिन मी बांधले आहे. ते एक कव्हर तेवढे उघडे ठेवले आहे. कोरा कागद, हातोडी आणि पंच फडक्यात बांधून सीटवर ठेवले आहेत, ते धाकट्याचे. जुने गॅस्केट पाकिटात आहे. मी गेल्यावर लेथवाल्याने कलम ४ याच दारात, भर दुपारी, गल्ली गोळा करून मोठ्याने वाचावे. एक अक्षर गाळू नये. मग धाकट्याने कागद कापावा, भोक पाडावे, गाडी चालू करावी आणि झाकण उघडून बघावे. नाहीतर गाडी भंगारात घालावी. तो त्याचा हक्क. माफी मी मागत नाही. मेलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही, म्हणून आता मागणे लबाडीचे होईल.

ठिकाण: गॅरेजातला बाक. दिनांक ९ मार्च, सकाळी अकरा. माझी सही.

आम्हा दोघांदेखत सही केली:

१. लेथवाला. वाचायचं काम मी घेतो.

२. समोरचा शिंपी. 'कोरडा' हे नाव माझ्याच तोंडून निघालं होतं. वाचायच्या दिवशी मला सगळ्यांच्या पुढे उभं करावं.