पेंढ्याच्या खोलीची पश्चिमेची भिंत

मी, खाली सही करणारा, वय शहात्तर, निवृत्त आरेखक, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे तर स्वखुशीने, चष्मा लावून, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि वर सातवीतली एक कविता चालीसकट म्हणून दाखवली. चौथ्या कडव्याला त्यांनी हात जोडले आणि माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

१. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि घरातले सगळे सामान पत्नीचे. माझ्या खोली बांधायच्या वेडापायी तिने चार महिने अंथरुणातून, केसांतून, आमटीतूनसुद्धा पेंढ्याच्या काड्या वेचल्या. हे मी तिला देत नाही, तिचेच तिला.

२. आरेखनाची पेटी आणि शाळेची चौथी ते सातवीची वाचनमाला मुलीला. पानांत दाबलेली फुले काढू नयेत. जावयांनी माझ्या बागेतल्या खोलीला पाहुण्यांसमोर 'खुराडे' म्हटले होते. त्यांना पंक्चर झालेली हातगाडी. राग नाही, पण विसरलोही नाही.

३. बागेतली खोली, दहा बाय बारा फूट, मी सदुसष्टाव्या वर्षी स्वतः बांधली. दगडी जोत्यावर पेंढ्याचे गठ्ठे विटांसारखे सांधे मोडून रचले, बांबूच्या खुंट्या ठोकून जखडले, वर पत्रा घातला. 'स्वतः' हा शब्द खरा नाही. तो इथेच दुरुस्त करतो. छपरापर्यंत माझा धाकटा भाऊ सोबत होता. तो गवंडी. दुपारी गठ्ठ्यांवर बसून आम्ही शाळेतल्या कविता म्हणायचो, मी एक ओळ, तो पुढची. त्याला पुढची कधीच आठवायची नाही. मग तो आपली रचायचा, आणि तीत हमखास आमच्या गुरुजींचे नाक यायचे. त्या चार महिन्यांत मी परत दहा वर्षांचा झालो होतो.

गिलाव्यावरून बिनसले. तो म्हणाला, मातीचा करू. मला सिमेंटचा हवा होता, गुळगुळीत, पांढरा रंग खुलेल असा.

"दादा, पेंढ्याला श्वास लागतो. सिमेंटनं कोंडलास तर आतून ओल धरेल."

मी म्हणालो, "जन्मभर नकाशे मी काढले. तू नुसत्या थाप्या मारल्यास."

त्याने थापी धुतली, पुसली, पिशवीत टाकली आणि गेला. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. नऊ वर्षे झाली.

पश्चिमेची भिंत तिसऱ्याच वर्षी फुगली. हात लावला तर गार लागते, कुबट वास येतो. दुसरा गवंडी मी बोलावला नाही. अजूनही दुपारी तिथे खुर्ची टाकून बसतो, एक ओळ म्हणतो आणि थांबतो.

४. ही खोली भावाला द्यावी असे मनात होते. वकिलांनी सांगितले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदाराला मात्र माझ्या डोळ्यांदेखत सही करावी लागते, म्हणजे इथे यावे लागते. माझ्यामागे खोली त्याची झाली तर तो येईलही, पण तेव्हा मी नसेन. सबब खोली मुलीला. भावाला या मृत्युपत्रान्वये काहीही ठेवलेले नाही, सुतळीचा तोडासुद्धा नाही. त्याला साक्षीला बोलवायला पत्नी गेली आहे. माझा डोळा फाटकाकडे आहे.

पुरवणी, दुसऱ्या शाईत: भाऊ आला. उभ्यानेच सगळे वाचले. मग भिंतीवर बोटाने टकटक केले.

"सही मारली की मी मोकळा, आणि तू मरायला मोकळा. ते जमायचं नाही. आधी हे फोडतो. ओले गठ्ठे काढून नवे बसवतो, माती लिंपतो. ती वाळली की सही."

मी म्हटले, माती वाळायला वेळ लागतो. तो म्हणाला, लागू दे की.

स्थळ: बागेतली खोली

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: डॉक्टर

साक्षीदार २: धाकटा भाऊ, गवंडी

दिनांक: ४ फेब्रुवारी, खोडून १ मार्च, खोडून १९ मार्च. सर्व खाडाखोड मला मान्य आहे.