तीस वर्षांनी दमणारी माणसं

प्रश्नाबाई,

दूध गरम करून घे आणि गॅस आठवणीने बंद कर. मी आजोबांच्या कारखान्याच्या ऑफिसात गेले आहे. हे त्यांना सांगू नकोस.

काल तू विचारलंस, "आजी, आजोबांच्या खात्यातली सगळी माणसं बरोबर तीस वर्षांनीच कशी गं दमतात?" मी हसले, पण रात्रभर तोच विचार करत होते. नियम असा आहे, की तीस वर्षं भरली तर पेन्शन पूर्ण. एक महिना कमी पडला तरी बरीच कापतात, आणि पुढे नोकरीत राहिलं तर वाढत काहीच नाही. म्हणजे माणसं आधीच दमलेली असतात गं, तीस भरल्यावर फक्त तसं म्हणतात.

आजोबांचे अजून सात महिने उरलेत. लेथ मशीनपाशी उभं राहून गुडघे सुजलेत, पण विचारलं की म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" साठलेली रजा त्या सात महिन्यांत धरतात का, ते विचारून येते. धरत असतील तर ते या महिन्यातच सुटतील. नसतील तर काय करायचं, ते मलाही अजून सुचलेलं नाही.

ते घरी आले की "दमलात का?" असं विचारू नकोस, नाहीच म्हणतील. कंपास पुढे कर आणि वर्तुळ नीट काढायला शिकवा म्हण. शिकवायला मिळालं की आपण खुर्चीत बसलोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

आजी